माडवेळचे लाटसायब

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी साडेसातच्या सुमारास लॉर्ड हॅलंबी माडवेळच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढता ओढता वाळूत खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. मालवणहून डॉक्टर यायला दीड तास लागला. हृदयक्रिया बंद पडली, असे त्यांनी लिहून दिले. वय बहात्तर.

मी तेव्हा मालवणात मुंबईच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. बातमी तारेने पाठवली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. लंडनच्या वृत्तपत्रातला मृत्युलेख बोटीच्या टपालाने पोहोचायला सात आठवडे लागले. त्यात म्हटले होते की ते त्या घराण्याचे पाचवे लॉर्ड. पहिल्या महायुद्धात पायाला जखम. उमरावांच्या सभागृहात पंचवीस वर्षे. दुसऱ्या महायुद्धात सरकारात उपमंत्री, युद्ध संपण्याआधी राजीनामा, कारण प्रकृती. पत्नी पूर्वीच निवर्तलेली. एकुलता मुलगा आरमारात होता, युद्धात मृत्यू, हिंदुस्थानात दफन. शेवटची वर्षे परदेशात एकांतात घालवली.

या मजकुरात दोन चुका होत्या. 'एकांतात' ही पहिली. दुसरी चूक ज्यांना ठाऊक होती अशी माणसे तेव्हा दोनच उरली होती. त्यांतला एक मी.

माडवेळ हे मालवणच्या उत्तरेला नऊ मैलांवरचे गाव. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे माडांची पट्टी. स्वातंत्र्यानंतर सात वर्षांनी लॉर्ड हॅलंबी मुंबईच्या बोटीने मालवण बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन ट्रंका आणि एक कागद होता. त्यांचा मुलगा ज्या जहाजावर होता ते युद्धकाळात आमच्या किनाऱ्यासमोर खोल पाण्यात बुडाले होते. माडवेळच्या लोकांना एक प्रेत मिळाले, गळ्यातल्या बिल्ल्यावरून नाव कळले आणि ते गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आले, असे त्या कागदावर होते. ते कबर पाहायला आले. आठ दिवस राहणार होते. राहिले नऊ वर्षे.

दफनभूमीला लागून कार्मेलिनबाय नावाच्या विधवेचे घर होते. त्यातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. कार्मेलिनबायला इंग्रजी येत नव्हते आणि त्यांना पहिल्या वर्षी मालवणी येत नव्हती. तरी दोघे दिवसभर बोलत. मी कधी गेलो की ती तक्रार सांगे. "भाऊनू, तुमचो लाटसायब पेज जेवता ती कोट घालून. माका माझ्याच घरात पावण्यासारख्या वाटता."

गावाने त्यांना लाटसायब हे नाव पहिल्याच आठवड्यात दिले होते. ते उंच होते, जरा डावीकडे झुकून चालत, आणि उन्हाळ्यातही गळ्याचे बटण लावत. त्यांच्या कपाळावर एक शीर होती, ती राग आला की दिसे. मी ती तीनदा पाहिली.

त्यांचे वृत्तपत्र लंडनहून येई. महिन्याभराचा गठ्ठा एकदम, दीड-दोन महिने उशिरा. ते गठ्ठा तारखेप्रमाणे लावून ठेवत आणि रोज सकाळी एकच अंक उघडत. पुढचा कधी बघत नसत. एकदा त्यांच्या देशात निवडणूक झाली. निकाल मी रेडिओवर ऐकला होता. ओट्यावर जाऊन सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. माझ्याकडे अजून प्रचार चालू आहे."

निकाल त्यांना सात आठवड्यांनी कळला. त्यांचा पक्ष कोणता आणि तो जिंकला की हरला, याविषयी ते काही बोलले नाहीत.

त्यांचा एक प्रश्न गावात म्हणीसारखा झाला होता. कोणी काही सांगितले की ते विचारत, "नोंद आहे का?" विहीर कोणी खोदली, खाडीचे मुख पूर्वी कुठे होते, देवळाची घंटा कुठून आली, प्रत्येकाला हाच प्रश्न. पुढे ते तो मालवणीत विचारू लागले. बायका विहिरीवर पाणी भरताना त्याची नक्कल करत. कार्मेलिनबाय सकाळी खुराड्यातूनच ओरडे, "सायबानू, कोंबयेन अंडा घातल्यान. नोंद करून ठेवा." ते खरोखर लिहून ठेवत. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत अंड्यांच्या तारखा आहेत.

रापणीवर ते पहिल्यांदा गेले ते नुसते बघायला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी ते पाण्यात अर्धवर्तुळात टाकत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर तीस-चाळीस माणसे वाळूतून ओढतात. जो दोराला हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो. म्हातारा असो, परगावचा असो. त्या दिवशी ओढणाऱ्यांची रांग सरकत सरकत लाटसायबांपर्यंत आली आणि त्यांनी दोर धरला. वाटे पडले तेव्हा त्यांच्या बुटांपुढे चार बांगडे ठेवलेले होते.

"माझे नाव यादीत आहे का?" त्यांनी माझ्यामार्फत विचारले.

रापणीचा प्रमुख धाकू तांडेल. बुटका, रुंद खांद्यांचा, पन्नाशीकडे आलेला माणूस. तो कमी बोले, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता समुद्राकडे बघे. तो म्हणाला, "दोर धरल्यान, वाटो इलो. यादी कसली?"

दुसऱ्या दिवसापासून लाटसायब रोज जाऊ लागले. धाकूच्या मागची जागा त्यांची ठरली. पाय अधू असल्याने ते अर्धाच वाटा घेत आणि तो कार्मेलिनबायच्या सुपात टाकत.

एका निवडणुकीत एक उमेदवार माडवेळला आला. इंग्रज लॉर्ड शेजारी उभा असलेला फोटो त्याला हवा होता. लाटसायबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले की त्याला आतापर्यंत किती मते मिळाली आहेत. उमेदवार म्हणाला, मागच्या खेपेला पडलो, पण चार हजार मिळाली होती.

"मला एकही नाही," लाटसायब म्हणाले. "आमच्या सभागृहात मला कोणीच कधी निवडून पाठवले नाही. तुम्ही माझ्याबरोबर फोटो काढू नका, तुमचे नुकसान होईल."

मागे उभा असलेला धाकू म्हणाला, "मगे तुमका थंय बसवल्यान कोणी?"

"बापाच्या मरणाने."

धाकूने मान हलवली. "आमची होडी पण तशीच येता."

नायलॉनच्या जाळ्यांचा वाद झाला तेव्हा गावात दोन तट पडले. सुती जाळे सोडून नायलॉन घ्यावे की नाही, यावर देवळात तीन बैठका झाल्या आणि तिसरीत एकाचे डोके फुटले. लाटसायबांनी धाकूला सुचवले की ओरडून काही ठरत नाही, माणसांना चालायला लावा. त्यांच्या सभागृहात मत द्यायचे म्हणजे उठून एका दाराने किंवा दुसऱ्या दाराने बाहेर जायचे असते. किनाऱ्यावर दारे नव्हती. दोन माड ठरवले, होयचा माड आणि नायचा माड. दोराला हात लावणारा प्रत्येकजण चालत गेला. एक म्हातारी मधेच उभी राहिली.

"आजी, एक बाजू घ्या," मी म्हटले.

"कशी घेव रे? हयसर एक जावय उभो, थंयसर दुसरो. राती जेवूक खंय जाव?"

लाटसायब सुताच्या बाजूने, म्हणजे नायच्या माडाखाली, उभे राहिले. त्यांची बाजू हरली. परतताना ते म्हणाले, "पंचवीस वर्षे मत दिले ते बापाच्या खुर्चीवरून. हे दोर ओढून मिळाले."

ते माडवेळला आल्याच्या तिसऱ्या वर्षी जे घडले ते इथे सांगितले पाहिजे. एका सकाळी रापण जड लागली. जाळे किनाऱ्याजवळ आले तेव्हा त्यात मासळीबरोबर एका माणसाचे प्रेत होते. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावचा, होडी उलटून बुडालेला. धाकूने हात वर केला, ओढणे थांबले. जाळ्याचा घोळ, म्हणजे मधली पिशवी, सोडून सगळी मासळी समुद्रात परत गेली. त्या दिवसापासून दहा दिवस रापण बंद. कोणी तक्रार केली नाही.

लाटसायबांनी कारण विचारले. धाकू समुद्राकडे बघत म्हणाला, "रापणीत इलो तो रापणीचो. घरातलो माणूस मेलो तर धा दिवस सुतक आसता. तसाच ह्या."

"दहा दिवस तुम्ही खाता काय?"

"आसा ता."

ते मला म्हणाले, "विचारा. माझ्या मुलासाठीही दहा दिवस?"

मी विचारले. धाकू दोर गुंडाळू लागला. भोवतालचे दोघेतिघे एकदम म्हणाले, होय, पाळले, साऱ्या गावाने पाळले, लढाईचे दिवस होते तरी पाळले. लाटसायबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या सगळ्यांसमोर तशीच हातात धरून उभे राहिले. धाकू होडीकडे निघून गेला. होडीला त्या दिवशी काही काम नव्हते. हे मला पुढे आठवले, तेव्हा लक्षात आले नव्हते.

रोज संध्याकाळी पाच वाजता लाटसायब कबरीपाशी, गावाच्या भाषेत फोंडापाशी, जात. तिथे त्यांनी जांभ्या दगडाचा चौथरा बांधला होता. वर मुलाचे नाव, हुद्दा आणि वय. वय तेवीस. शेजारची जागा त्यांनी पाद्रींकडून स्वतःसाठी मागून घेतली होती.

आठव्या वर्षी पुतण्याचे पत्र आले. लॉर्डपद पुढे त्याच्याकडे जाणार होते. घराण्याच्या गावच्या चर्चमध्ये, जिथे आधीचे चार लॉर्ड आणि त्यांची मुले होती, तिथे जागा तयार होती. मुलाच्या अस्थी घेऊन यावे, स्वतःही यावे, असे त्याने लिहिले होते. लाटसायबांनी दोन महिने उत्तर दिले नाही. मग रत्नागिरीला कलेक्टरकडे कबर उघडण्यासाठी अर्ज केला. मंजुरी आली. कुडाळच्या सुताराने फणसाच्या लाकडाची पेटी केली, आतून पत्रा लावला. सोमवारी सकाळी पाद्रींच्या समोर कबर उघडायची ठरली.

शनिवारी दुपारी धाकू तांडेल मालवणात माझ्या दारात उभा होता. नऊ मैल चालत आला होता. पाणी दिले ते प्याला नाही.

"भाऊनू, तेंका सांगा, पेटी परत धाडा म्हणान."

"का?"

"तेतूर तेंचो झील नाय." झील म्हणजे मुलगा. त्या कबरीत तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कार्मेलिनबाय मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेली होती तेव्हा आम्ही तिघे तिच्या ओट्यावर बसलो. लाटसायब खुर्चीवर, धाकू पायरीवर. धाकू एक वाक्य बोले, मी ते इंग्रजीत सांगे, मग तो पुढचे बोले. मी काही वाढवले नाही आणि काही गाळले नाही.

लढाईच्या त्या वर्षी ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला होता. माडवेळमध्ये लोक करांदे नावाचे रानकंद उकडून खात होते. तेही संपत आले होते. पावसाळा सरल्यावर रापणीची पहिली मासळी येऊ लागली आणि चौथ्या दिवशी जाळ्यात एक गोरा माणूस आला. अंगावर कपडे नव्हते, गळ्यात काही नव्हते. ख्रिस्ती असणार म्हणून कार्मेलिनबायच्या नवऱ्याने त्याला पुरले. रापण दहा दिवस बंद राहिली.

"आठव्या दिसा माझा चेडू गेला," धाकू म्हणाला. चेडू म्हणजे मुलगी. "तीन वर्साचा होता. आणखी दोन पोरा गेली गावातली."

अकराव्या दिवशी पहाट फुटताना होडी जाळे टाकायला गेली. होडीत धाकू आणि दोघे होते. ते दोघे पुढे वारले. जाळ्याच्या बाहेरच्या बाजूला, बोयांपाशी, म्हणजे जाळे वर धरणाऱ्या लाकडांपाशी, दुसरा गोरा माणूस तरंगत होता. किनाऱ्यावरून तो दिसत नव्हता. किनाऱ्यावर सगळे गाव टोपल्या घेऊन उभे होते.

"तेका वर घेतलंय असतंय तर आणखी धा दिवस. मी घेवक नाय. वल्ह्यान ढकललंय. ओहोटी होती. गेलो."

मी हे सांगितले. लाटसायबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. ते हलले नाहीत.

"तेच्या गळ्यात बिल्लो होतो. तो मी काढून घेतलंय. नाव तरी रव्हांदे म्हणान. मगे दोन म्हयन्यांनी आरमाराचे साहेब इले, नाव काय म्हणान इचारूक लागले. एकाक फोंड होतो, नाव नाय. एकाक नाव होता, फोंड नाय. मी बिल्लो दिलंय आणि म्हटलंय, पुरललो तो ह्योच."

त्यानंतर त्याने एकच गोष्ट सांगितली. "तोंड वळखूक येय नाय होता. पण उंच होतो. तुमच्यासारखो."

लाटसायबांच्या कपाळावरची शीर दिसत होती. मी वाट पाहिली. ते मला म्हणाले, "त्या वर्षी मी ज्या खात्यात होतो, ते जहाजे वाटून देत असे. तुमच्या किनाऱ्याला तांदूळ पाठवण्यासाठी जहाज आहे का, असा प्रश्न आला होता. जहाज नाही, असे मी सभागृहात उभे राहून सांगितले. जहाजे होती. ती दुसरीकडे पाठवायचे ठरले होते. कागदावर माझी सही आहे. हे त्याला सांगा."

मी सांगितले. धाकूने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिले. चर्चमधून लोक बाहेर पडल्याचा आवाज येऊ लागला होता. तो उठला.

"फाल्या येतलास मा रापणीर?"

उद्या रापणीवर येणार ना, हे भाषांतर करून सांगावे लागले नाही. लाटसायब मालवणीत म्हणाले, "येतलंय."

माझ्या हातात वही होती. सवयीने मी विचारले, याची नोंद ठेवायची का. नऊ वर्षांत त्यांनी या प्रश्नाला नको म्हटले ते त्या एकाच वेळी.

सोमवारी कबर उघडली गेली नाही. कलेक्टरला अर्ज मागे घेतल्याचे पत्र गेले, कारण खासगी. पेटी कार्मेलिनबायने तांदूळ ठेवायला मागून घेतली. पुतण्याला काय कळवले ते मला माहीत नाही. पहिल्या प्रेताचे नाव शोधण्यासाठी लाटसायबांनी आपल्या देशात बरीच पत्रे पाठवली. त्या जहाजावरचे अनेकजण सापडलेच नव्हते, एवढेच उत्तर आले. चौथऱ्यावरचे नाव त्यांनी तसेच ठेवले. ते पूर्वीसारखे रोज पाच वाजता जात. फरक कार्मेलिनबायच्या लक्षात आला. ती मला म्हणाली, "आताशा सायब फोंडाकडे पाठ करून उभो रव्हता. दर्याकडे तोंड. भांडलो काय झिलाशी?"

रापणीवर ते रोज जात राहिले. जागा तीच, धाकूच्या मागे. दोघे एकमेकांशी पूर्वीपेक्षा जास्त बोलले असे कोणी पाहिले नाही.

मृत्यूच्या दोन महिने आधी त्यांनी मला आपल्यामागे फोडायचा एक लिफाफा दिला. आत तीन वाक्ये होती. मला माडवेळमध्ये पुरावे. त्यासाठी इंग्लंडमधून कोणाची परवानगी मागू नये. माझ्यासाठी रापण एक दिवसही बंद ठेवू नये.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी ते पडले तेव्हा जाळे निम्मे बाहेर आले होते. धाकूने हात वर केला. मासळी समुद्रात परत गेली. दफन दुसऱ्या दिवशी अकरा वाजता झाले. माती द्यायला रापणीची सगळी माणसे होती. लिफाफा मी आदल्या रात्रीच फोडला होता; माती दिल्यावर धाकूला तिसरे वाक्य मालवणीत वाचून दाखवले.

"आयकलंय," तो म्हणाला.

रापण बंद राहिली. अकराव्या दिवशी सकाळी माणसे टोपल्या घेऊन किनाऱ्यावर जमली आणि होडी पाण्यात घालायची का, असे त्यांनी विचारले. हंगाम भरात होता. बाजूच्या गावांच्या रापणी बांगड्याने भरून येत होत्या.

"नाय," धाकू म्हणाला. "अजून धा."

कशाचे, असे एकाने विचारले. धाकू वल्हे खांद्यावर घेऊन घराकडे निघाला. देवळात बैठक झाली. तिथेही त्याने कारण सांगितले नाही. दोघेजण रापण सोडून दुसऱ्या गावच्या रापणीत गेले.

एकविसाव्या दिवशी, सकाळी सहा वाजता, माडवेळची रापण समुद्रात गेली. धाकूच्या मागची जागा रिकामी होती. वाटे पडले तेव्हा त्याने अर्धा वाटा वेगळा काढला आणि कार्मेलिनबायच्या सुपात टाकला.